अखाजीला कैरी, रोहिणीत रस

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याचा बाजार पाहा, पिवळेधम्मक आंबे ढिगानं मांडलेले असतात. त्यातला बहुतेक आंबा त्या तालुक्यातला नसतो. तो आंध्र-तेलंगणातून येणारा बैगनफल्ली असतो, नागपूरच्या कळमना बाजारातून गावोगाव गेलेला. त्यात गैर काही नाही. पण तो खाऊन "आंब्याला आता पहिल्यासारखी चव राहिली नाही" असं म्हणणं मात्र चूक आहे. पहिल्यासारखी चव असलेला गावरान आंबा त्या दिवशी धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) झाडाला हिरवागार, दगडासारखा टणक लटकलेला असतो. त्याला पाड लागायला, म्हणजे झाडावर पिकायला, अजून तीन-चार आठवडे असतात.

सणाची तिथी आणि झाडाची तिथी जुळत नाही, ही सगळ्या घोटाळ्याची मुळी. वैशाख शुद्ध तृतीया 2023 मध्ये 22 एप्रिलला आली, 2024 मध्ये 10 मे रोजी, 2025 मध्ये 30 एप्रिलला आणि 2026 मध्ये 19 एप्रिलला. तीन-तीन आठवड्यांचा फरक पडतो. गावरान झाडाला पौष-माघात मोहोर येतो, फुलापासून तयार फळापर्यंत साधारण चार महिने जातात, आणि आपल्याकडचा बहुतेक गावरान मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात उतरायला येतो. म्हणजे रोहिणी नक्षत्र, 25 मे ते 7 जून. त्यानंतर मृग लागला आणि दोन पाऊस पडले की आंब्यात अळी. हातात असतात जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात उतरवणं, पिकवणं, पाहुणे आणि वाळवण सगळं बसवायचं असतं.

मग अखाजीला काय करायचं? जे झाडावर आहे ते वापरायचं. पितरांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात, त्यात वाळा घालतात, वर आंबा किंवा डांगर (खरबूज) ठेवतात. तिथे आंबा म्हणजे पिकलेलाच हवा असं काही नाही, देठासकट उतरवलेली भरदार कैरी चालते. पानात कुरडया, पापड, वडे, कढी, चिंचवणी असतेच. रसाच्या जागी पन्हं. कैरी उकडण्यापेक्षा चुलीच्या राखेत भाजून घ्या, साल काळी पडून गर पिचपिचीत होईपर्यंत. गराच्या दीडपट गूळ, भाजलेलं जिरं, मीठ आणि चौपट पाणी. भाजलेल्या कैरीचा धुरकट वास पन्ह्यात उतरतो. मेच्या उन्हात रानातून आलेल्या माणसाला त्यापेक्षा चांगलं काही देता येत नाही.

अनेक जुन्या घरांत अखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाहीत. गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासी गावांत हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे पाळली जाते. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. मरका पंडुम होईपर्यंत गावात नवा आंबा कुणी खात नाही. गावदेवाला पहिलं फळ दिलं जातं, गायता (गावचा पुजारी) पूजा करतो, मग सगळ्यांना मोकळीक. गावागावाचा दिवस वेगवेगळा असतो, पंचांगाशी बांधलेला नसतो. आमच्या मते या रीतीत मोठं शहाणपण आहे. कोय न धरलेली कोवळी कैरी पोरांनी दगड मारून पाडली की त्या झाडाचं अर्धं पीक तिथेच संपतं. सगळं गाव एकदमच थांबलं तर फळ वाढतं.

झाड ओळखून मग आंबा

गावरान म्हणजे एक जात नव्हे. कोयीपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून प्रत्येक झाडाला नाव. शेंदऱ्या म्हणजे खांद्यावर शेंदरी लाली चढणारा. शेप्याला शेपूच्या भाजीचा वास, काहींना तो सोसतच नाही. गोटी आंबा लिंबाएवढा, पण मध. खोबऱ्याचा गर घट्ट, रस थोडा. साखऱ्या, केळ्या, लाडू ही नावं प्रत्येक शिवारात सापडतील, मात्र तुमच्या शिवारातला साखऱ्या आणि शेजारच्या गावचा साखऱ्या यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. रसाला पातळ गराचा, दशींचा (धाग्यांचा), चोखायचा आंबा लागतो. खोबऱ्यासारखा घट्ट गराचा कापून खायला बरा. लोणच्याला आंबट, जाड सालीचा, मोठ्या कोयीचा. एकाच पोत्यात चार झाडांचा आंबा मिसळला की पिकत घालायच्या आढीतही गोंधळ होतो, कारण प्रत्येक झाडाचा आंबा वेगळ्या दिवशी पिकतो. झाडागणिक वेगळी टोपली, वेगळी आढी. जागा नसेल तर आढीत मधे काड्या रोवून हद्द पाडा.

आणखी एक ध्यानात ठेवायचं, गावरान झाड बहुधा एका वर्षाआड भरून येतं. यंदा फांद्या वाकल्या असतील तर पुढच्या वर्षी तेवढी अपेक्षा धरू नये. त्यात फेब्रुवारी-मार्चची गारपीट, मोहोरावरचे तुडतुडे आणि भुरी. ढगाळ, दमट हवा चार दिवस राहिली की मोहोर काळा पडून गळतो.

उतरवणं

पाड लागला की घाई करू नये आणि उशीरही करू नये. पाड म्हणजे झाडावर आपोआप पिकून खाली पडलेले पहिले आंबे. सकाळी झाडाखाली दोन-चार पिवळे आंबे दिसले, त्यांना पाखरांनी चोच मारलेली नाही आणि आत अळीही नाही, तर झाड तयार झालं. किडका आंबा वेळेआधीच पिकून पडतो, त्यावर भरवसा ठेवून अख्खं झाड उतरवलं की निम्मा माल चिंबून जातो. पडलेला आंबा चिरून पाहा.

दुसरी खूण खांद्याची. देठाजवळचे खांदे वर येऊन देठ खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या आंब्यात खांदे उतरते असतात. तिसरी खूण पाण्याची. बादलीत टाकलेला तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. गावरानात ही परीक्षा शंभर टक्के खरी उतरत नाही, पण दहापैकी सात-आठ बुडाले तर उतरवायला हरकत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फांद्या हलवून आंबा पाडल्यानं. झाड चाळीस-पन्नास फूट उंच, चढणारा माणूस मिळत नाही, म्हणून पोरांना फांदीवर उभं करून झाड झोडपतात. खाली पडलेला आंबा वरून चांगला दिसतो. त्याला मुका मार लागलेला असतो. चौथ्या दिवशी आढीत त्याच जागी काळा, मऊ डाग पडतो, तिथून सड सुरू होते आणि शेजारच्या चार आंब्यांना लागते. बांबूला लोखंडी कडी आणि जाळी बांधलेला झेला घ्या. कडीच्या तोंडाला धारदार पातं असलं तर देठ कापला जातो, ओढावं लागत नाही. वरून टोपली दोरानं खाली सोडा. आंबा हातातून टोपलीत, टोपलीतून तणसावर (धानाच्या पेंढ्यावर), एवढाच प्रवास.

देठ बोटाच्या एका पेराएवढा तरी ठेवावा. देठ मुळातून निघाला की चीक उडतो. तो सालीवर ओघळला की साल भाजल्यासारखी काळी होते, आणि त्या डागातून बुरशी शिरते. सकाळी चीक जोरात येतो, म्हणून उतरवलेला आंबा सावलीत देठ खाली करून अर्धा-एक तास गवतावर पालथा ठेवावा, चीक गळून जातो. त्यातल्या त्यात घाई असेल तर लगेच पाण्यात बुडवून काढा आणि पूर्ण कोरडा करा. चीक डोळ्यांत आणि ओठांवर लागू देऊ नका. काहींच्या ओठांना आठ-आठ दिवस फोड येतात, त्याला लोक आंब्याची उष्णता म्हणतात, खरा गुन्हेगार चीक असतो.

आढी

आढी लावायला तीन गोष्टी लागतात: कोरडं तणस, अंधारी गार खोली आणि रोज उकलून पाहायची शिस्त. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तणसाला तोटा नाही. वऱ्हाडात गव्हाचं कुटार (भुसा) वापरतात, ते चालतं, पण बारीक असल्यानं हवा कोंडते, म्हणून त्याचे थर पातळ ठेवावे. सोयाबीनचं कुटार नको, त्याच्या काड्या सालीला टोचतात.

मातीच्या भिंतीचं, कौलारू घर असेल तर मधली खोली उत्तम. टिनाच्या खोलीत आढी लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. आंबा नीट पिकतो तो 20 ते 25 अंशांवर. पस्तिशीच्या वर गेला की साल हिरवीच राहते, गर मात्र मऊ पडून आंबूस वास मारतो. पिकताना आंबा स्वतःही उष्णता सोडतो, ही गोष्ट विसरली जाते. उंच ढीग केला की मधला आंबा उबून जातो. टिनाचंच घर असेल तर आढी जमिनीवर, भिंतीपासून हातभर लांब लावा आणि दारा-खिडक्यांना ओली पोती बांधा. पोती दाराला ओली. आढीवर पाणी मारायचं नाही.

जमिनीवर चार बोटं जाडीचं तणस अंथरा. त्यावर आंब्याचा एक थर, देठ खाली, एकमेकांना जेमतेम टेकतील असे. मग दोन बोटं तणस, पुन्हा आंबा. असे तीन थर, फार तर चार. सगळ्यात वर पुन्हा चार-पाच बोटं तणस आणि एक कोरडा बारदाना. पाडाचे दोन-तीन आंबे मधल्या थरात ठेवून द्या. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो, तो बाकीच्यांना पिकवतो. आढीत पाडाचा आंबा ठेवायची रीत जुनी आहे, कारण नंतर कळलं.

तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी उकला. पिकलेला काढा, डागाचा फेका, बाकीचा वरचा थर खाली आणि खालचा वर असा पुन्हा लावा. सहाव्या ते आठव्या दिवसापर्यंत बहुतेक आंबा तयार होतो. गावरानात रंगावर जाऊ नका. काही झाडांचा आंबा शेवटपर्यंत हिरवाच राहतो. देठाजवळ नाक न्या, वास सुटला पाहिजे. अंगठ्यानं खांदा हलका दाबा, दबून परत यायला हवा. दबून तसाच राहिला तर एक दिवस उशीर झाला.

साल सुरकुतली, गर आंबट आणि रबरासारखा, तर आंबा कोवळा उतरवलाय. आढी कितीही चांगली असली तरी तो गोड होणार नाही. देठाकडून काळा पडत आला तर देठ मुळातून तुटलाय किंवा तणस ओलं होतं. सालीवर बारीक काळे ठिपके वाढत गेले तर ती बुरशी झाडावरूनच आलेली आहे, असा आंबा आधी खाऊन टाका, ठेवू नका.

कार्बाइडबद्दल थोडक्यात. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. इथिलीन वायू मात्र 100 पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी आहे. बाजारातला आंबा सगळीकडून सारखा पिवळा, वास नाही, कोयीजवळ कडक आणि आंबट, तर तो घाईनं पिकवलेला समजा.

रसाचा हिशेब

गावरान आंबा सरासरी दीडशे ग्रॅमचा धरला तर शंभर आंबे पंधरा किलो होतात. साल, कोय आणि दशी वजा जाता त्यातून सहा-सात किलो रस निघतो. विदर्भात रसाला बसलेला माणूस तीन वाट्यांखाली उठत नाही. पाहुणा असेल तर आग्रहाची चौथी. म्हणून माणशी आठ आंबे मोजायचे. पंचवीस पानांसाठी दोनशे, त्यात सडका-आंबट वगळायची सोय आलीच.

आंबे आदल्या दिवशी पिकलेले असावेत, त्याच दिवशी काढलेले गरम नसावेत. रस काढायच्या आधी तासभर गार पाण्यात टाका. आढीची उष्णता उतरते, देठावर वाळलेला चीक सुटतो. मग प्रत्येक आंब्याचा देठ काढून पहिले दोन थेंब पिळून बाजूला टाकायचे. हे एवढंसं काम टाळलं की रसाला घशात खवखव येते आणि दोष आंब्याला जातो.

आंबा दोन्ही हातांत घोळून मऊ करा, मग देठाच्या तोंडानं गंजात (पातेल्यात) पिळा. कोय बाहेर आली की तीही पिळून घ्या. प्रत्येक आंब्याचा पहिला थेंब जिभेवर घेऊन पाहायचा, कारण एक आंबट आंबा वीस आंब्यांचा रस बिघडवतो. हे काम घरातल्या ज्येष्ठ बाईकडे असतं आणि तिच्या जिभेवर कुणी वाद घालत नाही. आंबट निघाला तो वेगळ्या गंजात, त्याचं सार करा. सालं आणि कोयी वाटीभर पाण्यात कुस्करून धुवा, ते धुवण सारात जातं, रसात नाही. रसात पाणी घातलं की दोन तासांत वर पाणी आणि खाली गर वेगळा होतो.

मिक्सर नको. एक तर दशी तुटून बारीक होतात आणि गाळल्या तरी निघत नाहीत, तोंडात चरचर करतात. दुसरं, हवा मिसळून रस फेसाळतो आणि रंग फिका पडतो. हातानं काढलेला रस मोठ्या भोकाच्या चाळणीतून गाळला की पुरे. थोड्या दशी राहिल्या तर राहू द्या.

भांडं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं. बिनकल्हईच्या पितळेत रस ठेवला की आंबटपणानं तांबं उतरतं, रस कळकतो आणि पोट बिघडतं. मे महिन्यात काढलेला रस तीन तासांत पानात पडला पाहिजे. त्यानंतर तो फसफसू लागतो. फ्रिज असेल तर ठीक, नसेल तर गंज परातीतल्या पाण्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका.

रसात साखर आधी टाकू नका. किलोमागे पाव चमचा मीठ आणि चिमूटभर सुंठपूड एवढंच. मिठानं गोडी उठते. दूध शहरी सवय आहे, आंबट रसात ते फाटतं. पानात वाढल्यावर वरून कढवलेलं साजूक तूप, कंजुषी न करता.

सोबतीला पोळी असतेच. कुणी मडक्यावरची लांब रोटी करतं, त्यासाठी कणिक एवढी सैल लागते की नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. पण रसाचा खरा जोडीदार सरगुंडे. अर्धा किलो कणकेत चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल घालून पुरीपेक्षा घट्ट भिजवा, ओल्या फडक्याखाली एक तास ठेवा. सुपारीएवढा गोळा घेऊन दोरीसारखा वळा आणि तेलाचा हात लावलेल्या गुळगुळीत काडीवर स्क्रूच्या आट्यांसारखा जवळजवळ गुंडाळा. तळव्याखाली एकदा हलकं फिरवा म्हणजे आटे एकमेकांना चिकटतात. मग काडी ओढून काढा, मधे पोकळ नळी राहते. चाळणीत पसरून उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटं वाफवा. कणिक सैल झाली तर सरगुंडा काडीला चिकटतो आणि ओढताना फाटतो. दोरी जाड वळली तर आत कच्ची राहते. घाईत काडीला तेल लावायचं राहिलं तरी सरगुंडा चिकटतो आणि फाटतो. वाळवून ठेवायचे असतील तर सावलीत दोन दिवस, मग हवे तेव्हा उकळत्या पाण्यात शिजवून घ्यायचे. गरम सरगुंड्यांवर तूप आणि गार रस. नळीत रस शिरतो, त्यासाठीच तर ती पोकळ.

2026 ची एक गंमत आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. धोंड्याचा महिना म्हणजे जवायाला बोलावून वाण द्यायचं, आणि तो नेमका गावरानाच्या हंगामावर येऊन बसलाय. तेहतीस अनारशांसोबत रसाचं पान वाढता येईल, सासऱ्याचा खर्च आणि जवायाचं पोट दोन्ही सांभाळून. वटपौर्णिमा मात्र यंदा निज ज्येष्ठात, 29 जूनला. तोवर बहुतेक झाडं रिकामी झालेली असतील. वाणाच्या पाच फळांतला आंबा घेताना देठाजवळ बारीक भोक किंवा पाणी सुटल्यासारखा डाग नाही ना, ते पाहून घ्या. 2025 मध्ये ती 10 जूनला होती, तेव्हा हा प्रश्न आला नव्हता.

उरलेलं

रस उरला की आंब्याची पोळी. ताटाला तुपाचा हात लावून रसाचा करंगळीच्या नखाएवढ्या जाडीचा थर ओता, वर पातळ कापड बांधा, कडक उन्हात ठेवा. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा. असे तीन-चार थर. ढग आले तर ताट आत घ्या आणि त्या दिवशी नवा थर ओतू नका, ओल कोंडली की मधे बुरशी धरते. कैऱ्या उरल्या तर फोडी करून वाळवा. कैरीच्या या वाळल्या फोडी, आपल्या खुला, वर्षभर वरणात आणि आंबट भाजीत चालतात. लोणच्याबद्दल इथे लिहायला जागा नाही, तो एक वेगळाच वाद आहे.

झाडाखाली पडलेला किडका आंबा उचलला जात नाही, आणि पुढच्या वर्षीची अळी तिथूनच येते. फळमाशी पिकत आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते, अळी गर खाऊन मोठी होते आणि जमिनीत जाऊन कोष करते. रोज पडलेलं फळ गोळा करून हात-दीड हात खोल पुरा. मिथाइल युजेनॉलचे सापळे एकरी चार लावले तर नर माशा अडकतात. एकट्या झाडाला लावून फार उपयोग होत नाही, आसपासच्या पाच-सहा धुऱ्यांवर एकदमच लावावे लागतात.

आता कोय, आपली गोही. चांगल्या झाडाची गोही लावली म्हणजे तसंच झाड मिळेल ही समजूत सोडून द्या. साखऱ्याच्या गोहीतून आंबट्याही निघतो. म्हातारं झाड वाचवायचं असेल तर त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधायला लागते, म्हणजे कोय कलम. हे घरी जमतं आणि त्याची वेळ जून-जुलै हीच आहे, हवा दमट असते तेव्हा.

रसाच्या गोह्या धुऊन एक दिवस सावलीत ठेवा, उन्हात वाळवू नका. गोहीचा जीव लवकर जातो, महिनाभरानं उगवण फारच कमी होते. काळ्या पिशवीत माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात. गोहीची पोटाकडची बाजू खाली ठेवून बोटभर खोल लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो. पानं तांबूस असेपर्यंतच, म्हणजे उगवल्यापासून दहा-पंधरा दिवसांत कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की खोड कडक होतं आणि यश घटतं.

काडी मूळ झाडाची, तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभरापेक्षा थोडी कमी. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापून टाका, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. रोपाचं खोड चार बोटं उंचीवर छाटून मधे दोन बोटं चीर द्या. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तेवढंच तासून पाचर करा. पाचर चिरेत बसवा. दोघांची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळा आणि वरून पातळ पिशवीची टोपी घालून खाली बांधा. विदर्भात पावसानं आठवडाभर ओढ दिली की कोरड्या वाऱ्यानं काडी सुकते, ही टोपी त्यासाठी. रोपं सावलीत, पाणी बेतानं, पिशवीत पाणी साचलं की बुंधा कुजतो. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा. चिरेखालून येणारे कोंब दिसतील तसे खुडून टाका, नाहीतर तेच वाढतात आणि कलम मरतं.

दहा बांधले आणि पाच लागले तरी पहिल्या खेपेला चांगलं म्हणायचं. पुढच्या पावसाळ्यात दहा-दहा मीटरवर लावा. चार-पाच वर्षांत फळ धरतं. गोहीच्या झाडाला त्याच्या दुप्पट वाट पाहावी लागते. आणि काडी कोणत्या झाडाची ते बांधतानाच पिशवीवर लिहून ठेवा. शेंदऱ्या, शेप्या आणि साखऱ्या, ऑगस्टात सगळ्यांची पानं सारखीच दिसतात.